नाशिकच्या डोंगरओढ्यांतील मेफ्लाय : नवी जाती म्हणण्याआधी काय काय करावे लागते?

कातळओढा

नमस्कार. इगतपुरी तालुक्यात दारणेला मिळणाऱ्या एका डोंगरओढ्यात पावसाळा ओसरल्यावर दगड उलटून पाहताना मेफ्लाय या कीटकाचे काही निंफ, म्हणजे पाण्यात वाढणारी पिल्ले, मिळाले. उपलब्ध वर्णनांपैकी एकाशीही त्यांचा नीट मेळ बसत नाही. ही नवी जाती असू शकेल का, आणि तसे ठामपणे म्हणण्याआधी कोणते काम पुरे व्हायला हवे, यावर जाणकारांशी सविस्तर बोलता यावे म्हणून हा धागा काढत आहे.

मेफ्लाय हा एफेमेरॉप्टेरा गणातला कीटक आहे. जगभरात त्याच्या साडेतीन हजारांहून अधिक जातींची नोंद झाली आहे. आयुष्याचा जवळजवळ सगळा काळ तो पाण्यात निंफ म्हणून काढतो आणि पंख फुटल्यावर काही तास किंवा फार तर काही दिवस जगतो. त्या अवस्थेत त्याची मुखांगे निकामी असतात, त्यामुळे तो काहीही खात नाही. पंख आल्यावरही पुन्हा एकदा कात टाकणारा हा एकमेव कीटकगण आहे. पाण्याबाहेर पडतो तो मळकट, अपारदर्शक पंखांचा उपप्रौढ. त्याने आणखी एक कात टाकली की काचेसारखे स्वच्छ पंख असलेला प्रौढ तयार होतो.

आता माझ्या नमुन्यांविषयी. ओढ्याच्या वेगवान धारेतला, वरून पाणी फेसाळत जाणारा दगड उचलून तिरका धरला, की पाणी निथळते आणि त्यासरशी हा जीव दगडाला पोट घासत सपकन दुसऱ्या बाजूला पळतो. शरीर अगदी चपटे, डोळे डोक्याच्या वरच्या पृष्ठावर, मांड्या रुंद आणि प्रत्येक मांडीच्या मध्यावर एक काळसर ठिपका. पोटाच्या दोन्ही बाजूंना पातळ चकत्यांच्या आकाराचे कल्ले आहेत. शेपटीचे तंतू मात्र दोनच.

दोन तंतू दिसले की पुष्कळांना तो स्टोनफ्लाय या दुसऱ्या पाणकीटकाचा निंफ वाटतो. परंतु स्टोनफ्लायच्या प्रत्येक पायाच्या टोकाला दोन नख्या असतात आणि मेफ्लायच्या पायाला एकच. शिवाय मेफ्लायचे कल्ले पोटावर असतात. दुसरी शंका अशी येऊ शकते की मधला तंतू हाताळताना तुटला असेल. म्हणून मी भिंगाखाली त्या जागेचा बुंधा पाहिला. तेथे तुटल्याची खूण नाही, मधला तंतू मुळातच खुंटलेला आहे. चपटे शरीर, वर आलेले डोळे आणि दोन तंतू हे सगळे एकत्र धरले, तर हे निंफ हेप्टाजेनिइडी कुळातील एपिओरस या वंशाचे असावेत, असे मला वाटते.

या वंशातील एपिओरस पीटर्सी ही जाती पश्चिम घाटाच्या दक्षिण भागातून २०१३ मध्ये वर्णन केली गेली. तिच्या वर्णनाशी ताडून पाहता माझ्या नमुन्यांच्या पोटावरची रंगरेषा आणि नखीवरच्या दातांची मांडणी मला वेगळी दिसते. मात्र येथेच थांबून विचार करायला हवा असे मी मानतो. वर्णनाशी जुळत नाही याचा अर्थ तो जीव विज्ञानाला अज्ञात आहे, असा होत नाही. हिमालयातून, श्रीलंकेतून किंवा आग्नेय आशियातून त्याचे वर्णन आधीच झालेले असू शकते. एकाच जातीचे कोवळे आणि पूर्ण वाढलेले निंफ, नर आणि मादी, थंड झऱ्यातले आणि उन्हात तापणाऱ्या पाण्यातले निंफ एकमेकांपासून बरेच वेगळे दिसतात. सर्वांत अडचणीची शक्यता निराळीच आहे. भारतातील कित्येक मेफ्लाय जातींची जुनी वर्णने केवळ प्रौढ कीटकावरून केलेली आहेत आणि त्यांचा निंफ कसा दिसतो, हे त्यांत लिहिलेलेच नाही. तेव्हा माझ्या हातातला निंफ हा अशाच एखाद्या जुन्या नावाच्या जातीचा असेल, तर केवळ निंफाकडे पाहून ते मला कळणार नाही. हबर्ड आणि पीटर्स यांनी १९७८ मध्ये भारतीय उपखंडातील मेफ्लायची सूची प्रसिद्ध केली. ती समोर ठेवून वंशातील एकेका नावाचे मूळ वर्णन मिळवण्याचे काम सध्या चालू आहे.

नाशिकच्या दृष्टीने हा विषय मला फार महत्त्वाचा वाटतो. पश्चिम घाटातील मेफ्लायवरचे बरेचसे काम तमिळनाडू आणि केरळमधील बारमाही ओढ्यांवर झाले आहे. आपल्याकडचे ओढे निराळे आहेत. कातळ बेसॉल्टचा, उतार उभा, पावसाळ्यात पाण्याचा लोंढा आणि होळीच्या सुमारास बहुतेक ओढ्यांत एखाद्या डोहापलीकडे थेंब उरत नाही. ज्या जीवाला सतत वाहते, प्राणवायूने भरलेले पाणी लागते, तो अशा ओढ्यात उन्हाळा कसा काढतो, हा प्रश्न स्वतंत्रपणे अभ्यासण्यासारखा आहे. अंजनेरीच्या डोंगरावरून सेरोपेजिया अंजनेरिका ही वनस्पती २००६ मध्ये नवी जाती म्हणून जगापुढे आली. ज्या डोंगरावर पिढ्यान्‌पिढ्या माणसांची आणि गुरांची ये-जा आहे, तेथे डोळ्यांना दिसणारी फुलझाडे इतकी उशिरा नोंदली जातात, तर दगडाखालच्या किड्यांकडे कोणी किती पाहिले असेल?

निंफापासून प्रौढ मिळवण्याचा कोणाला अनुभव आहे का, नमुने कोठे जमा करावेत आणि डीएनएची तपासणी किती निर्णायक मानावी, याविषयी कृपया लिहावे.

---

दारणाकाठ

आपण निंफ आणि प्रौढ यांची सांगड घालण्याचा मुद्दा अगदी योग्य ठिकाणी उचलला आहे. मी ओढ्यांवर निंफ वाढवण्याचे काम केले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

सगळेच निंफ यासाठी चालत नाहीत. छातीवरच्या पंखांच्या कळ्या काळ्याभोर झालेला निंफ निवडावा. तो एकदोन दिवसांत बाहेर पडण्याच्या बेतात असतो. नर निंफाचे मोठे डोळे या अवस्थेत ओळखू येतात आणि आपल्याला मुख्यतः नरच हवे आहेत, कारण मेफ्लायच्या बहुतेक जाती नराच्या जननेंद्रियांच्या आकारावरून वेगळ्या केल्या जातात. घरी बादलीत आणून हे निंफ वाढवण्याचा प्रयत्न करू नये. हेप्टाजेनिइडी कुळातील निंफांना वाहते, थंड पाणी लागते आणि प्रवासातच ते दगावतात. बाजूंना बारीक जाळी लावलेला प्लास्टिकचा डबा ओढ्यातच, सावलीतल्या धारेत, दगडांच्या आधाराने असा बसवावा की त्याचा अर्धा भाग पाण्याबाहेर राहील. आत एक खडबडीत दगड ठेवावा. प्रत्येक डब्यात एकच निंफ ठेवावा, नाहीतर कोणती कात कोणाची हा घोळ नंतर निस्तरत नाही. एपिओरस वंशातील काही जातींत निंफाची कात पाण्याखालीच सुटते आणि उपप्रौढ पोहत वर येतो. त्यामुळे कात पाण्याच्या पृष्ठभागावर शोधून चालणार नाही, डब्याच्या तळाशी आणि जाळीवरही पाहावे लागेल.

उपप्रौढ दिसला की त्याला हात न लावता, किंचित ओलसर कागद ठेवलेल्या हवेशीर डबीत अलगद उतरवावे. डबी उन्हात राहिली तर तो सुकतो आणि फार दमट झाली तर पंख भिंतीला चिकटतात. साधारणपणे एका दिवसाच्या आत तो शेवटची कात टाकतो. प्रौढ झाल्याबरोबर लगेच अल्कोहोलमध्ये टाकू नये. रंग आणि जननेंद्रिये पक्की होण्यासाठी काही तास द्यावेत. शेवटी निंफाची कात, उपप्रौढाची कात आणि प्रौढ, तिन्ही एकाच कुपीत, एकाच लेबलाखाली ठेवावेत. त्या कुपीचे मोल इतर सगळ्या नमुन्यांपेक्षा अधिक असते, कारण हा प्रौढ याच निंफाचा, हे केवळ तीच कुपी निर्विवादपणे सांगू शकते.

लेबल पेन्सिलीने जाड कागदावर लिहून कुपीच्या आत टाकावे. पेनाची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते आणि बाहेर चिकटवलेला कागद कधी ना कधी निघतो. ओढ्याचे नाव, गाव, तालुका, अक्षांश-रेखांश, उंची, तारीख आणि गोळा करणाऱ्याचे नाव यांपैकी काहीही गाळू नये.

---

वनवाट

कामाला हात घालण्याआधी परवानगीचा प्रश्न सोडवावा, अशी विनंती आहे. ओढा राखीव वनात असेल तर वन विभागाची लेखी परवानगी लागते. कळसूबाईच्या रांगेत काम करताना हे विशेष लक्षात ठेवावे, कारण रांगेच्या पलीकडच्या उतारावर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे आणि अभयारण्यात वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी आवश्यक ठरते. ओढ्यात उभे असताना हद्द कोठे संपते, हे डोळ्यांना दिसत नाही. नकाशा पाहूनच जागा ठरवावी.

जैवविविधता अधिनियम, २००२ मधील कलम ३९ हेही महत्त्वाचे आहे. कोणालाही नवे वर्गीकरणीय एकक, उदाहरणार्थ नवी जाती, सापडले, तर त्याची माहिती नियुक्त संग्रहालयाला देणे आणि पुराव्याचे नमुने तेथे जमा करणे बंधनकारक आहे. प्राण्यांच्या बाबतीत भारतीय प्राणी सर्वेक्षण ही संस्था आहे. तिची स्थापना १९१६ मध्ये झाली आणि तिचे पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आकुर्डी येथे आहे, त्यामुळे नाशिककरांना कोलकात्यापर्यंत धाव घ्यावी लागत नाही. गावाच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीलाही आधी भेटावे. ओढा त्यांचा आहे आणि त्यांच्या लोक जैवविविधता नोंदवहीत या किड्याची नोंद व्हावी, हेही योग्यच होईल.

---

भिंगाखाली

तपासणीविषयी लिहिते. आपण रंगरेषेवर भर दिला आहे, पण अल्कोहोलमध्ये रंग फिके होतात आणि एकाच ओढ्यातही ते बदलतात. म्हणून निंफ जिवंत असतानाच, पांढऱ्या ट्रेमध्ये थोड्या पाण्यात ठेवून, वरून आणि खालून छायाचित्रे घ्यावीत. खालची बाजू बहुतेक जण विसरतात. या वंशात कल्ल्यांची पहिली जोडी पोटाखाली किती पसरते आणि दोन्ही बाजूंचे कल्ले मध्ये भेटतात का, हे फार उपयुक्त लक्षण आहे.

त्यानंतर मुखांगे सुटी करावी लागतात. वरचा ओठ, दोन्ही जबडे, त्यांच्या मागची मॅक्सिला ही मुखांगे, जिभेसारखा हायपोफॅरिंक्स आणि खालचा ओठ असा प्रत्येक भाग बारीक सुयांनी वेगळा करून काचपट्टीवर बसवला, की मगच वर्णन लिहिण्याजोगे होते. पायाची नखीही काचपट्टीवर अशी आडवी बसवावी की तिच्या आतल्या कडेवरचे दात मोजता येतील. ती तिरकी बसली तर दोन दात एकमेकांवर येतात आणि संख्या चुकते. पोटाच्या वरच्या पट्टांच्या मागील कडेवरचे काटे, मांडीवरच्या केसांचा आकार आणि कल्ल्यांची कडा हीदेखील पाहावीत. पूर्ण वाढलेल्या नर निंफात जननेंद्रिये कातडीखाली तयार झालेली असतात. प्रौढ मिळालाच नाही, तर ती काळजीपूर्वक मोकळी करून काही अंदाज बांधता येतो.

आता डीएनए. काही नमुने आरंभापासूनच पंचाण्णव टक्क्यांहून अधिक तीव्रतेच्या अल्कोहोलमध्ये ठेवावेत आणि पहिल्या दिवशी ते एकदा बदलावे, कारण किड्याच्या शरीरातील पाण्याने त्याची तीव्रता उतरते. फॉर्मालिन अजिबात वापरू नये. सीओआय या जनुकाचा ६५८ डीएनए-अक्षरांचा तुकडा प्राण्यांची ओळख पटवण्यासाठी सर्वत्र वापरला जातो. एका पायापासून तो मिळवता येतो, त्यामुळे बाकीचा नमुना शाबूत राहतो. निंफ आणि प्रौढ यांची सांगड घालण्यासाठी हा मार्ग उत्तम आहे. वाढवलेला प्रौढ मिळाला नाही, पण ओढ्यावर संध्याकाळी पांढऱ्या कापडावर दिवा लावून नर पकडता आले, तर निंफ आणि नर यांच्या डीएनए-अक्षरांचा क्रम जुळवून ते एकाच जातीचे आहेत का, हे ठरवता येईल.

मात्र दोन क्रमांमधील फरकाच्या केवळ टक्केवारीवरून नवी जाती जाहीर करणे मला मान्य नाही. डीएनए क्रमांच्या सार्वजनिक साठ्यात नोंद नाही याचा अर्थ जाती नवी आहे असा नसून, तिचा क्रम अद्याप कोणी जमा केलेला नाही एवढाच होतो. डोंगरओढ्यांतील मेफ्लाय फार दूर उडत नाहीत. त्यामुळे दोन खोऱ्यांतील एकाच जातीच्या समूहांतही मोठा फरक साचलेला असू शकतो. रचनेतील फरक आणि जनुकीय फरक एकाच दिशेने बोट दाखवत असतील, तरच पुढे जावे.

---

मोसमखोरे

साल्हेर आणि सेलबारी-डोलबारीच्या रांगेतून मोसम आणि आरम नद्यांकडे येणाऱ्या ओढ्यांवर मी नेहमी जातो. दोनच तंतू असलेला चपटा निंफ आमच्याकडे पाहिल्याचे आठवत नाही; तीन तंतूंचे पुष्कळ असतात. या मोसमात मुद्दाम धारेतले दगड पाहीन. बागलाणात तो नसला, तर तीही नोंद उपयोगाची ठरेल ना?

---

कातळओढा

मोसमखोरे, नक्कीच ठरेल. कोठे शोधला आणि मिळाला नाही, हे तारखेसह लिहून ठेवले तरच पुढे प्रसाराचा नकाशा काढता येईल. फक्त तोच ओढा दोन वेगवेगळ्या महिन्यांत पाहावा, कारण निंफ फार लहान असताना तो दृष्टीला पडतच नाही.

भिंगाखाली, आपण सांगितल्याप्रमाणे खालच्या बाजूची छायाचित्रे घेईन. पहिल्या कल्ल्यांची जोडी मध्ये भेटत नाही, एवढे हाताशी असलेल्या नमुन्यांत दिसते. दारणाकाठ, आपल्या पद्धतीतली एक शंका विचारतो: परतीच्या पावसात अचानक पाणी वाढले तर डबे वाहून जाणार नाहीत का?

---

दारणाकाठ

जातात. म्हणून मुख्य धारेत न ठेवता, कातळाच्या आडोशाला निघालेल्या बाजूच्या धारेत ठेवावेत आणि झाडाच्या मुळाला दोरीने बांधावेत. गुराखी आणि खेकडे धरायला येणारी मुले यांना डबे कशासाठी आहेत हे आधी समजावून सांगावे. त्यांच्याइतकी ओढ्याची माहिती आपल्यापैकी कोणालाही नसते आणि डब्यांवर तेच सर्वांत चांगले लक्ष ठेवतात.

प्रौढ शोधताना घाटातल्या डांबरी रस्त्यांवरही नजर ठेवावी. मेफ्लाय पाण्याचा पृष्ठभाग त्यावरून परावर्तित होणाऱ्या ध्रुवीकृत प्रकाशावरून ओळखतात आणि काळ्या, गुळगुळीत डांबरावरूनही तसाच प्रकाश परततो. हंगेरीतील संशोधकांनी १९९८ मध्ये हे प्रयोगांनी दाखवून दिले. तेथे माद्या कोरड्या रस्त्यावर अंडी घालताना आढळल्या होत्या. ओढ्याला लागून रस्ता असेल, तर सूर्यास्ताच्या वेळी त्यावर नरांचे थवे वरखाली होताना दिसू शकतात. लांब दांड्याच्या जाळीने ते पकडता येतात.

---

द्राक्षबाग

मी दिंडोरी तालुक्यातला शेतकरी आहे. वाचून समाधान वाटले. प्रश्न प्रामाणिकपणे विचारतो: पाणी चांगले आहे की वाईट हे कळण्यासाठी मेफ्लाय आहे एवढे पुरत नाही का? जाती कोणती, याची गरज काय?

---

भिंगाखाली

प्रश्न अतिशय योग्य आहे. ओढ्याची प्रत ठरवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या बीएमडब्ल्यूपी पद्धतीत प्रत्येक कुळाला एक ते दहा गुण दिलेले आहेत. त्यात हेप्टाजेनिइडी कुळाला दहा आणि बीटिडी या मेफ्लायच्याच दुसऱ्या कुळाला चार गुण आहेत. म्हणजे नुसते मेफ्लाय म्हणण्याने भागत नाही, हे कुळाच्या पातळीवरच दिसून येते. एका कुळातही सगळ्या जाती सारख्या सोशिक नसतात. मुळात ही गुणसंख्या ब्रिटनमधील नद्यांसाठी बसवलेली आहे. आपल्या सहामाही ओढ्यांसाठी ती तशीच्या तशी लागू करता येईल का, हे जातीनिहाय नोंदी असल्याशिवाय तपासता येणार नाही.

आपल्या तालुक्याशी थेट संबंध असलेली गोष्टही सांगते. इमिडाक्लोप्रिडसारखी निओनिकोटिनॉइड गटातील कीटकनाशके मेफ्लायच्या निंफांना फार अल्प मात्रेतही मारक ठरतात, असे प्रयोगशाळेतील अभ्यासांत आढळले आहे. बागांच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या ओढ्यात आज काय जगते, हे नावानिशी लिहिलेले असेल, तरच खाली काय नाहीसे झाले, हे पुढे सांगता येईल. ज्याला नावच नाही, त्याच्या नाहीसे होण्याची नोंद कोणत्याही वहीत होत नाही.

---

नामावली

नामकरणाविषयी चार गोष्टी लिहितो, कारण येथेच सर्वाधिक घाई होते.

प्राण्यांच्या नावांसाठी आंतरराष्ट्रीय प्राणिशास्त्रीय नामकरण संहिता आहे आणि तिची सध्याची चौथी आवृत्ती १ जानेवारी २००० पासून लागू झाली. तिच्यानुसार नवे नाव देताना ते नवे असल्याचे स्पष्ट लिहावे लागते, इतर जातींपासून वेगळेपण शब्दांत मांडावे लागते, एक होलोटाइप, म्हणजे नावाचा आधार असलेला नमुना, ठरवावा लागतो आणि तो कोणत्या संग्रहात ठेवला आहे किंवा ठेवला जाणार आहे, हे नमूद करावे लागते. नाव कायमचे त्या एका नमुन्याला बांधलेले असते, म्हणून होलोटाइप म्हणून शक्यतो वाढवून मिळवलेला नर आणि त्याच्या काती निवडाव्यात. बाकीचे नमुने पॅराटाइप, म्हणजे वर्णनाचे पूरक नमुने, होतील. तेही शक्य असल्यास दोन संस्थांमध्ये विभागून ठेवावेत. केवळ संगणकावर निघणाऱ्या नियतकालिकांतील नावांना २०१२ पासून मान्यता आहे, परंतु त्यासाठी झूबँक या प्राणिनामांच्या अधिकृत नोंदवहीत आधी नोंदणी करून तसा उल्लेख लेखातच असावा लागतो.

या धाग्यावर किंवा वर्तमानपत्रात एखादे नाव लिहिले म्हणून ते संहितेनुसार प्रस्थापित होत नाही. मात्र पैसे घेऊन, तज्ज्ञांकडून न तपासता छापणाऱ्या नियतकालिकात वरच्या अटी पाळून लेख आला, तर ते नाव ग्राह्य ठरते आणि आधी दिलेले नाव ग्राह्य धरणाऱ्या अग्रक्रमाच्या नियमाने पुढच्या सर्व अभ्यासकांना त्याचा विचार करावाच लागतो. वर्णन कितीही तोकडे असले, तरी ते सहजासहजी पुसून टाकता येत नाही. जुन्या, अपुऱ्या वर्णनांचा त्रास आपण आज भोगतच आहात. पुढच्या पिढीसाठी त्यात आणखी एकाची भर घालू नये. झूटॅक्सा, झूकीज, कोइमतूरहून निघणारे जर्नल ऑफ थ्रेटन्ड टॅक्सा किंवा प्राणी सर्वेक्षणाची स्वतःची रेकॉर्ड्स यांपैकी कोठेही पाठवा, पण एपिओरसवर काम केलेल्या अभ्यासकाने हस्तलिखित वाचल्याशिवाय पाठवू नका.

नाव स्थळावरून द्यायचे असेल, तर तालुक्यापेक्षा ओढ्याचे किंवा डोंगराचे द्यावे, असे माझे मत आहे. ते स्थानिक लोकांना आपले वाटते आणि मूळ स्थळही त्यात टिकून राहते.

---

कातळओढा

सर्वांचे मनापासून आभार. या चर्चेतून माझ्यापुरता क्रम ठरला आहे. वन विभागाकडे अर्ज आणि गावच्या समितीची भेट हे आधी होईल. त्यानंतर भाद्रपद-आश्विनात, पाण्याचा जोर उतरल्यावर, दारणाकाठ यांच्या पद्धतीने डबे बसवून नर वाढवायचे आणि त्याच ओढ्यावर संध्याकाळी कापड लावायचे. नर हाती आल्याशिवाय आणि एपिओरसच्या आशियातील जातींची मूळ वर्णने वाचून झाल्याशिवाय नावाचा विषय मी काढणार नाही. तपासणीअंती हा निंफ एखाद्या आधीच वर्णन झालेल्या जातीचा निघाला, तरी त्या जातीची उत्तर सह्याद्रीतील नोंद आणि तिच्या निंफाचे सचित्र वर्णन मी लिहून प्रसिद्ध करीन, कारण पुढे येणाऱ्याला त्याचीही तितकीच गरज आहे.

मोसमखोरे यांच्याप्रमाणे त्र्यंबक, पेठ आणि सुरगाणा भागातील कोणी आपापल्या ओढ्यांतले धारेतले दगड पाहू शकले, तर या निंफाचा प्रसार समजायला मोठी मदत होईल. परवानगी नसेल तर नमुना घेऊ नये. पांढऱ्या ताटलीत थोड्या पाण्यात ठेवून वरून आणि खालून छायाचित्र घ्यावे, मांडीवरचा ठिपका आणि शेपटीचा बुंधा स्पष्ट दिसेल असे पाहावे, निंफ त्याच दगडाजवळ परत सोडावा आणि गाव, ओढा, उंची व तारीख यांसह छायाचित्र याच धाग्यावर लावावे.